पावसाचा आकडा सगळ्यात शेवटी वाचा

ॲपवर उद्याच्या तारखेखाली ‘४३ मि.मी.’ दिसलं की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर त्यावर विसंबून सगळा बेत ठरवतात, नाहीतर ‘यांचं कधी खरं झालंय?’ म्हणत फोन खिशात टाकतात. दोन्हीत नुकसान आपलंच.

हवामानाच्या मॉडेलमध्ये, म्हणजे अंदाज काढणाऱ्या संगणकाच्या गणितात, ढग आणि पाऊस कसे मांडायचे, हेच माझं काम. माहेर फोंडा तालुक्यातलं, घरामागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. पावसाळ्यात घरून येणाऱ्या फोनचा विषय ठरलेला असतो. सुपारीवर कोळेरोग (फळं कुजवणारी बुरशी) येऊ नये म्हणून चुना आणि मोरचुदाचं बोर्डो मिश्रण मारायचं तर मधे उघडीप हवी, औषध सुकायला वेळ हवा, माणूस मिळायला हवा. काका कोंकणीत विचारतात, “बाय, फाल्यां वखद मारूं?” (उद्या औषध मारू?) त्यांना फोनवर जे तुकड्यातुकड्यांनी सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे. कोणाला लग्नाचा मांडव घालायचा असेल, कोणाला होडी काढायची असेल, कोणाला चवथीच्या आधी घराची कौलं परतायची असतील, रीत तीच.

आणि रीत थोडक्यात अशी: आधी वारा बघा, मग ओलावा, मग घाट, मग वेळ. पावसाचा आकडा त्यानंतर. मॉडेल वारा, दाब, तापमान आणि वाफ पुढे सरकवत नेतं; त्यांचा हिशेब जिथे जुळत नाही, जिथे हवेत मावेल त्यापेक्षा जास्त वाफ उरते, ती उरलेली वाफ ढग होते आणि ढगातून उरलेलं पाणी पाऊस होतं. म्हणजे पाऊस ही शिलकीची शिल्लक. वाऱ्यात थोडी चूक झाली तरी शिलकीत ती दुप्पट-तिप्पट होऊन दिसते. म्हणून ज्या मॉडेलचा पाऊस चुकला त्याचा वारा पुष्कळदा बऱ्यापैकी बरोबर असतो, आणि आपल्याला उपयोग त्याचाच आहे.

चौकोनाच्या आत

मॉडेल वातावरणाचे ठोकळे पाडतं. एका ठोकळ्यात तापमान एक, आर्द्रता एक, वारा एक. गोव्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किमी. १२ किमीच्या मॉडेलमध्ये सगळा गोवा सव्वीसेक चौकोनांत आटोपतो, आणि किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत जेमतेम पाच चौकोन येतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संशोधन संस्थेत तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम २६ मे २०२५ पासून ६ किमीच्या जाळीवर चालते, तिथे हेच चौकोन शंभराच्या आसपास होतात. ३ किमीवर चारशेच्या वर. आता फोंड्याच्या बाजारात उभं राहून वर बघा. समोरचा ढग कधी एक किलोमीटर रुंद असतो, कधी त्याहून कमी. १२ किमीच्या चौकोनाला तो ढग दिसतच नाही.

म्हणून मॉडेलमध्ये पाऊस पाडणाऱ्या दोन यंत्रणा असतात. पहिली न दिसणाऱ्या ढगांसाठी: चौकोनातली हवा किती अस्थिर आहे ते बघून ‘इथे आत कुठेतरी उंच ढग उभे राहिले असणार’ असं ती ठरवते आणि त्यांचा पाऊस चौकोनभर सारखा वाटून टाकते. दुसरी थेंबांची, आणि माझे दिवस जातात ते तिच्यात.

ढगातला थेंब साधारण १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या, त्रिज्येचा असतो. पावसाचा थेंब १ मि.मी. त्रिज्येचा धरला, तर त्याच्यात ढगातले दहा लाख थेंब मावतात. नुसत्या वाफेवर पोसून थेंब एवढा वाढायचा म्हटलं तर ढग विरून जाईल तरी पाऊस येणार नाही. थेंबांनी एकमेकांवर आदळून एकत्र व्हावं लागतं. ही आदळाआपट एकेक थेंब धरून मोजणं कुठल्याही रोजच्या मॉडेलला परवडत नाही. केसलर या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सोपा नियम दिला: एक किलो हवेत ढगाचं पाणी अर्ध्या ग्रॅमच्या वर गेलं, की जे वर गेलं त्याचा हजारावा भाग दर सेकंदाला पाऊस होतो. आजच्या स्कीम, म्हणजे असे नियमांचे संच, याच्या पुष्कळ पुढे गेल्या आहेत. तरी ‘ढगाचं पाणी पाऊस कधी व्हायला लागतं?’ हा प्रश्न अजून तितकाच नाजूक आहे.

एक उदाहरण जवळून बघू. थॉमसन नावाची स्कीम बरीच वापरली जाते. तिच्यात एक घन सेंटिमीटर ढगात १०० थेंब आहेत असं धरलेलं असतं. स्वच्छ समुद्री हवेला हा आकडा शोभतो: मिठाचे कण थोडे, म्हणून थेंब थोडे, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला पाणी जास्त, थेंब जाड, आणि जाड थेंब लवकर आदळतात. हाच आकडा ३०० केला, म्हणजे धूर-धूळ असलेली जमिनीवरची हवा धरली, तर पाणी तेवढंच राहून थेंब बारीक होतात आणि पाऊस सुरू व्हायला उशीर होतो. समजा दहा मिनिटं उशीर झाला. वारा सेकंदाला १५ मीटर असेल तर दहा मिनिटांत ढग नऊ किलोमीटर पुढे गेलेला असतो. साखळी गावावर पडायचा तो पाऊस पूर्वेला वाळपईच्या वाटेवर पडला. मॉडेलमध्ये पाण्याचा एक थेंब कमी-जास्त झाला नाही, पण साखळीचा माणूस म्हणणार अंदाज चुकला.

थेंब ढगातून सुटल्यावरही सरळ खाली येत नाही. १ ते २ मि.मी. व्यासाचा थेंब सेकंदाला चार ते साडेसहा मीटर वेगाने पडतो. दोन किलोमीटर उंचीवरून पाच मीटरच्या वेगाने यायला त्याला सहा-सात मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात वारा त्याला आणखी सहा किलोमीटर नेतो. कितीतरी मॉडेलांमध्ये ज्या चौकोनात पाऊस तयार झाला त्याच चौकोनात तो तत्काळ जमिनीवर टेकवला जातो. बारा किमीच्या चौकोनात हे खपून जातं. तीन किमीत खपत नाही.

वरच्या थराची गोष्ट पटकन सांगते. पावसाळ्यात आपल्याकडे पाच किलोमीटरच्या थोडं वर पाणी गोठायला लागतं. जुलैतल्या घाटाच्या पावसाचा बराच भाग त्या उंचीपर्यंत पोचतही नाही, म्हणून बर्फाचा हिशेब थोडा कच्चा असला तरी चालतं. हस्ताचा पाऊस वेगळा: दुपारनंतर विजा कडाडत येणारे ते ढग गोठणरेषा ओलांडून खूप वर जातात, आणि तिथे बर्फाचे कण, गारा यांचं गणित चुकलं की सगळंच चुकतं. जुलैत चांगलं वागणारं मॉडेल ऑक्टोबरात बिथरतं ते म्हणून. शिवाय पहिल्या यंत्रणेवर चालणाऱ्या मॉडेलांना दुपारचा गडगडाट फार लवकर आणायची सवय असते. ऑक्टोबरात ॲप ‘दुपारी १२’ म्हणालं तर तीन-चारनंतरची तयारी ठेवा.

थेंबांचे हे आकडे हवेतून येत नाहीत, म्हणजे शब्दशः हवेतूनच येतात. आयआयटीएमने २००९ पासून काइपीक्स मोहिमेत विमानं ढगांत नेऊन थेंब मोजले. महाबळेश्वरला त्यांची उंचावरची प्रयोगशाळा आहे. तिथे पावसाळ्यात ढग खिडकीशी येतो, विमानाचा खर्च वाचतो.

याच सगळ्यातून निघणारी पहिली व्यवहारातली सूचना: मॉडेलला रिमझिम फार प्रिय असते. सरासरी काढणारं यंत्र थोडा-थोडा पाऊस जवळजवळ रोज पाडतं, आणि जोराचा पाऊस हातचा राखतं. ॲपवर दिवसाला एक-दोन मि.मी. दिसलं तर ते कोरडं समजा. हवामान खातंसुद्धा २.५ मि.मी. झाल्याशिवाय तो दिवस पावसाचा धरत नाही.

घाट किती उंच, हे मॉडेलला विचारा

गोव्यातून बेळगावकडे जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या आसपास माथा समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या घरात आहे, आणि पायथा शंभरच्या. १२ किमीच्या एका चौकोनात अर्धा पायथा आणि अर्धं पठार आलं की मॉडेल म्हणतं: उंची साडेचारशे. कडा गेला, तिथे लांबलचक उतार आला. याची किंमत कागदावर काढता येते, कॅल्क्युलेटर पुरतो.

जमिनीलगतचा दीड किलोमीटर जाडीचा हवेचा थर घ्या. एक चौरस मीटर जागेवर त्या थरात सुमारे १७०० किलो हवा असते. पश्चिमेचा वारा सेकंदाला १५ मीटर, म्हणजे घाटाच्या दर एक मीटर रुंदीवर सेकंदाला २५,५०० किलो हवा येऊन धडकते. जुलैतली ही हवा आधीच वाफेने भरलेली असते. अशी उबदार, भरलेली हवा एक किलोमीटर वर चढली की दर किलोमागे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास पाणी बाहेर टाकते. ८०० मीटर चढली तर १.८ ग्रॅम धरू. झालं सेकंदाला ४६ किलो पाणी. पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या २० किलोमीटरमध्ये ते पसरलं, तर तासाला सव्वाआठ मि.मी., आणि दिवसभर वारा तसाच राहिला तर २०० मि.मी.च्या जवळ.

आता मॉडेलचा घाट ठेवा: चढ ८०० ऐवजी ४००. उत्तर निम्मं, १०० मि.मी.

ही वरची मर्यादा झाली. खऱ्या घाटात काही हवा बगलेने निघून जाते, काही पाणी माथा ओलांडून बेळगावच्या बाजूला जातं. पण प्रमाण बघा. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मि.मी. म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. नुसत्या सपाट केलेल्या डोंगरामुळे मॉडेल एक पायरी खाली बोलू शकतं. म्हणून पश्चिमेचा जोरदार वारा असताना सत्तरी, सांगे, धारबांदोडा या बाजूंसाठी जाड जाळीच्या मॉडेलचा आकडा मी वर सरकवून वाचते, आणि किनाऱ्यावरच्या बार्देश-सालसेतसाठी आहे तसा ठेवते. पणजीतल्या मैत्रिणीला आणि वाळपईतल्या मावशीला एकाच स्क्रीनशॉटवरून एकच उत्तर देणं चूक आहे.

वारा आणि ओलावा

विंडीसारख्या हवामानाचे नकाशे दाखवणाऱ्या साइटवर किंवा ॲपवर उंची बदलायची सोय असते; तिथे उंची हवेच्या दाबात, हेक्टोपास्कलमध्ये, लिहिलेली असते. ती जमिनीवरून काढून ८५० हेक्टोपास्कलवर ठेवा. दीड किलोमीटरच्या आसपासची ही उंची. सोमालियाकडून अरबी समुद्र ओलांडून येणारा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा मुख्य झोत इथेच वाहतो. गोव्याच्या किनाऱ्यासमोर, समुद्रावर, बोट ठेवून वेग बघा. गावावर बोट ठेवू नका. जमिनीवर वारा मोडलेला असतो.

तीस नॉट (सेकंदाला सुमारे १५ मीटर) किंवा अधिक, दिशा पश्चिम ते पश्चिम-नैर्ऋत्य: घाटात दिवसभर पाऊस धरून चाला, आकडा काही म्हणो. पंधरा नॉटच्या खाली: सरी येतील-जातील, उघडीप मिळण्याची शक्यता चांगली. मधल्या पट्ट्यात पुढची पायरी लागते. वारा वायव्येकडे वळलेला दिसला तर तो डोंगराला समोरून धडकण्याऐवजी तिरका घासत जातो आणि चढाईचा पाऊस कमी होतो. हे आकडे माझ्या वापरातले आहेत, कुठल्या नियमपुस्तकातले नाहीत. तुम्ही दोन पावसाळे बघितलेत की आपल्या गावासाठी आपले ठरवाल.

मग उंची ७०० हेक्टोपास्कल करा, तीन किलोमीटर, आणि वाऱ्याऐवजी आर्द्रता निवडा. इथे ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर ढगाला वर वाढायला अडचण नाही. अरबस्तानाकडून कोरड्या हवेची जीभ आत शिरलेली दिसली, चाळीस-पन्नास टक्के, तर खालचा वारा कितीही जोरात असो, ढग बुटके राहतात. भुरभुर होते, ओढ्याला पाणी येत नाही. माझ्या मते फवारणीसाठी ही सगळ्यात उपयोगी खूण आहे आणि सगळ्यात कमी लोक ती बघतात.

तिसरं, समदाब रेषा, म्हणजे सारखा दाब असलेल्या जागा जोडणाऱ्या रेषा. किनाऱ्याला समांतर, समुद्राच्या बाजूला दाबाची खोलगट पट्टी दिसते का? गुजरातपासून केरळपर्यंत कधी ती सलग असते, कधी तुटक. बातम्यांत ‘किनारपट्टीलगत कमी दाबाचा पट्टा’ म्हणतात तो हाच. त्या पट्ट्यात छोटा भोवरा तयार झाला तर एखाद्या तालुक्यात रात्रीतून दोनशे मि.मी. कोसळतात आणि शेजारचा तालुका कोरडा राहतो. असला छोटा भोवरा मॉडेल आदल्या दिवशीही नेमक्या जागी दाखवेल याचा भरवसा नसतो. पट्टा दिसतो आहे एवढं कळलं तरी पुरे, त्या दिवशी मोठं काम काढू नका.

कुठला दिवस, कुठले तास

यात जाणकारही फसतात. मॉडेलची घड्याळं ग्रीनिचवर चालतात. आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. मॉडेलचा ‘००’ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. खात्याचा पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात, आणि तो आकडा मागच्या चोवीस तासांचा असतो. म्हणजे १५ जुलैच्या नोंदीत १४ जुलैच्या सकाळपासूनचा पाऊस आहे. ॲप मात्र मध्यरात्र ते मध्यरात्र मोजतं. रात्री दोन वाजता धो धो पडला तर ॲपच्या आणि पेपराच्या तारखा जुळायला हव्यात, पण संध्याकाळी आठला पडला तर जुळणार नाहीत. आणि गोव्यातले पेपर अजून इंचांत छापतात, २५.४ ने गुणा.

एका मॉडेलवर मुक्काम करू नका

एकच मॉडेल थोड्या थोड्या वेगळ्या सुरुवातींनी पुन्हा पुन्हा चालवलं जातं. आपल्याकडची १२ किमीची समूह प्रणाली २१ वेळा चालते, युरोपीय हवामान केंद्राची ५१ वेळा. २१ पैकी १८ धावांत ६५ मि.मी.च्या वर पाऊस असेल तर बेत बदला. पाचच धावांत असेल, तर त्या पाचांतला वारा कसा आहे ते बघा. समूहाची सरासरी मात्र बघू नका. सरासरी काढली की वेगवेगळ्या जागी पडलेले जोरदार पाऊस एकमेकांत विरघळतात आणि सगळीकडे गुळमुळीत पंचवीस मि.मी. उरतात, असा दिवस एकाही धावेत नसताना.

समूह बघायची सोय नसेल तर गरिबाची युक्ती: तेच मॉडेल काल संध्याकाळी काय म्हणत होतं आणि आज सकाळी काय म्हणतंय ते पडताळा. दर बारा तासांनी आकडा ४०, ११०, १५, ७० असा उड्या मारत असेल तर आकडा सोडा, वाऱ्यावर जा.

खात्याचा इशारा या सगळ्याच्या वर. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग माणसं अनेक मॉडेलं, रडार आणि अनुभव समोर ठेवून ठरवतात. लाल असेल तर माझं हे लिखाण मिटून ठेवा.

ज्यांना स्वतः चालवून बघायचंय त्यांच्यासाठी

गोवा विद्यापीठातली किंवा इंजिनीअरिंगची मुलं विचारतात म्हणून एवढंच. डब्ल्यूआरएफ हे मॉडेल फुकट मिळतं, जीएफएस या अमेरिकी मॉडेलचा पाव अंशाचा सुरुवातीचा डेटाही फुकट. बाहेरची जाळी ९ किमी, आतली ३ किमी. बाहेरच्या जाळीची पश्चिम कड अरबी समुद्रात पुरेशी लांब ठेवा आणि पूर्व कड घाटमाथ्यावर आणू नका, थेट कर्नाटकाच्या पठारावर न्या. कड डोंगरावर आली की मॉडेल तिथे खोटा पाऊस पाडतं. टाइम स्टेप सेकंदांत, जाळीच्या किलोमीटरच्या सहापट: ९ ला ५४, ३ ला १८. उभे थर दोन किलोमीटरच्या खाली दाट ठेवा, आपला पाऊस तिथे शिजतो.

९ किमीत न दिसणाऱ्या ढगांची यंत्रणा चालू, ३ किमीत बंद. थेंबांसाठी थॉमसन, मॉरिसन किंवा डब्ल्यूएसएम६. केसलर शिकायला ठीक, कामाला नको. पहिले सहा ते बारा तास फेकून द्या, मॉडेल कोऱ्या आभाळातून सुरू होतं आणि ढग उभे करायला त्याला तेवढा वेळ लागतो. शेवटी, फाइलमध्ये पाऊस दोन नावांनी असतो, ‘रेनसी’ आणि ‘रेनएनसी’, दोन यंत्रणांचे दोन. बेरीज करा. आणि ते सुरुवातीपासूनचे एकूण आहेत. तासाचा पाऊस हवा तर मागच्या तासाचा आकडा वजा करा. ऋण पाऊस आला म्हणून मदत मागणाऱ्या बहुतेकांनी वजाबाकी उलटी केलेली असते.

आपलं माप आपण ठेवा

मॉडेल तुमच्या वाड्यापुरतं किती चुकतं हे तुमच्याशिवाय कोणी मोजणार नाही. उपग्रहाचा पाऊस बघून भागत नाही, कारण घाटातले बुटके ढग त्याला नीट कळत नाहीत आणि तो कमी सांगतो.

बरोबर १६ सें.मी. व्यासाच्या तोंडाचं नरसाळं घ्या. त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ २०० चौरस सें.मी. भरतं, म्हणजे १ मि.मी. पाऊस जवळजवळ २० मि.ली. पाणी. खाली चार लिटरचा कॅन, २०० मि.मी.पर्यंत पुरतो. गोव्यात दोन लिटरची बाटली ठेवू नका, नेमक्या मोजायच्या दिवशी ती भरून वाहते. औषधाचा मापाचा पेला किंवा स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं चालतं. नरसाळ्याची कड जमिनीपासून फूटभर वर हवी, शिंतोडे आत येऊ नयेत. जवळच्या भिंतीची किंवा माडाची जेवढी उंची, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर. कुळागरात हे शक्य नाही, आमच्याकडेही नाही. ते शेताच्या बांधावर ठेवलेलं आहे. गच्चीवर ठेवू नका, वारा थेंब उडवून नेतो. सकाळी साडेआठला वाचा आणि कॅलेंडरवर लिहा, शेजारी आदल्या संध्याकाळी ॲपने सांगितलेला आकडा.

पावसाळा संपला की गुण द्या, पण कसे द्यायचे ते बघा. १८८४ मध्ये अमेरिकेत फिन्लीने चक्रीवावटळींच्या २८०३ अंदाजांचा निकाल जाहीर केला: ९६.६ टक्के बरोबर. लगेच दाखवून दिलं गेलं की रोज ‘वावटळ येणार नाही’ असं डोळे मिटून म्हटलं असतं तर ९८.२ टक्के बरोबर आलं असतं. आपल्याकडे जुलैत ‘उद्या पाऊस पडेल’ म्हणणारा कोणीही पहिल्या वर्गात पास होतो. म्हणून उंबरठा ठेवा, समजा ६४.५ मि.मी. तो ओलांडला गेला ते दिवस मोजा. त्यातले किती मॉडेलने आधी सांगितले, किती चुकवले, आणि किती वेळा उगाच आरडाओरडा केला, हे तीन आकडे काढा. कोरड्या दिवसांचं कौतुक करू नका. आणि पाऊस सांग्याऐवजी काणकोणात पडला असेल तर मॉडेलला दोनदा नापास करू नका. सांग्यात चुकला आणि काणकोणातही चुकला, पण मुळात चूक एकच होती. शेजारचा तालुका धरून जमलं तर अर्धे गुण द्या.

फवारणीची सकाळ

आता काकांचा प्रश्न. तीन दिवस आधी मी पावसाचा नकाशा उघडतच नाही. किनाऱ्यासमोरचा ८५० चा वारा उतरतोय का, ७०० वर कोरडी हवा येते आहे का, एवढंच बघते. दोन्ही होत असेल तर “माणूस सांगून ठेवा, चुना आणि मोरचूद आणून ठेवा, मिश्रण करू नका” एवढंच उत्तर. आदल्या संध्याकाळी दोन-तीन मॉडेलांचे तासातासाचे आकडे बघते, आणि सलग सहा तास सगळ्यांत एक मि.मी.च्या खाली असतील तर हो म्हणते.

सकाळी मॉडेल बंद आणि पणजीच्या डॉपलर रडारचं चित्र सुरू. दोन तासांपूर्वीपासूनची चित्रं एकामागून एक बघायची आणि समुद्रावरचे ठिपके कुठल्या दिशेने, किती वेगाने सरकतात ते धरायचं. रडार थेंबांवरून परतणाऱ्या लहरींचा जोर डीबीझेड या मापात दाखवतं. मार्शल आणि पामर यांच्या १९४८ पासून चालत आलेल्या सूत्राने ३० म्हणजे तासाला सुमारे ३ मि.मी., ४० म्हणजे १२ च्या आसपास, ५० म्हणजे जवळजवळ ५०. वाऱ्याच्या बाजूला पन्नास-साठ किलोमीटर समुद्रापर्यंत ३० च्या वरचं काही नसेल तर पंधरा मीटरच्या वाऱ्याला निदान तासभर हातात आहे. पण नुसते सरकणारे ठिपके पुरत नाहीत, नवे ठिपके जागच्या जागी उगवत आहेत का तेही बघा. किनाऱ्यावर ते दहा मिनिटांत उगवतात आणि तेव्हा सरकण्याच्या वेगावर केलेला हिशेब फुकट जातो. तसं दिसलं तर माणसाला चहा द्या, दहा वाजेपर्यंत थांबवा, आणि मिश्रण दहा वाजल्यानंतरच करायला घ्या, कारण एकदा कालवलेलं बोर्डो त्याच दिवशी संपवावं लागतं.